दुधात ठेवलेला खडा

आत्याबाईंनी वाटीतलं दूध तुळशीत ओतलं, अंगठी पदराला पुसली आणि माझ्या बोटात घालायच्या आधी आपण एकदा बघून घ्यावी म्हणून डोळ्यांजवळ नेली. मग त्या उठून उंबऱ्याशी गेल्या. तिथे उजेड बरा होता. अंगठी या अंगावरून त्या अंगावर फिरवून झाली, तरी त्यांचं बघणं संपेना.

"हेमा," त्या म्हणाल्या, "जरा इकडं ये. माझ्या डोळ्याला काय झालंय का काय, बघ की."

मी दवाखान्यातली रात्रपाळी करून नुकतीच आले होते. चुलीवर चहाचं आधण ठेवलं होतं आणि ते उकळेपर्यंत उभ्या उभ्या एक डुलकी काढावी, एवढीच माझी इच्छा होती. पण शुक्रवार होता, अंगठीचा मुहूर्त होता. मी गेले.

आदल्या संध्याकाळी तो खडा दुधात सोडला, तेव्हा तो जवळजवळ दुधाच्याच रंगाचा होता. पण हलवला की आत काहीतरी पेटायचं. आधी हिरवं, मग केशरी, मधेच एखादी निळी ठिणगी. हात स्थिर केला की विझायचं आणि जरा कलला की पुन्हा दुसऱ्याच कोपऱ्यात. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, तरी मी तो चार वेळा हलवून बघितला होता.

आता चांदीच्या कोंदणात शिजलेल्या साबुदाण्याचा एक दाणा बसला होता. आरपार दिसत होतं, खाली धरलेलं आत्याबाईंचं बोटसुद्धा. हलवा, फिरवा, उन्हात धरा, आत काही म्हणता काही नाही.

"मेला," आत्याबाई म्हणाल्या आणि उंबऱ्यावरच बसल्या.

आता हा खडा आमच्या घरात आला कसा, ते सांगायला हवं. आम्ही इचलकरंजीत राहायचो, ज्या गल्लीत दिवसरात्र यंत्रमागांचा खडखडाट चालतो अशा एका गल्लीत. माझा नवरा प्रल्हाद जॉबर होता, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. हात चांगला होता त्याचा. सुरतेला मोठे कारखाने आहेत, दोन वर्षं राहतो, चार पैसे गाठीला बांधून येतो, असं सांगून तो गेला. सुरुवातीला आठवड्याला फोन यायचा. मग महिन्याला. मग तो नंबर अस्तित्वात नाही, असं एक बाई गुजरातीत सांगायला लागली. पुढे गल्लीतला कुणीतरी सुरतेला जाऊन आला आणि म्हणाला की प्रल्हादला बाजारात बघितलं, कडेवर पोर होतं. आत्याबाईंनी त्या माणसाशी बोलणं टाकलं.

आत्याबाई म्हणजे माझी सासू, इंदूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. प्रल्हाद त्यांचा एकुलता एक. नवरा लवकर गेला, मागासाठी सुताच्या कांड्या भरून त्यांनी मुलगा वाढवला आणि आता त्या मुलाची वाट बघायचं काम त्यांनी आम्हा दोघींत वाटून घेतलं होतं. मी सोमवार केले. शुक्रवार केले. दर पौर्णिमेला वाडीच्या देवळात जाऊन आले. कुणी अंगारा दिला तो उशाखाली ठेवला, कुणी नारळ सांगितला तो नदीत सोडला. दवाखान्यात पेशंटची उठाठेव करायची, घरी येऊन देवांची करायची. एकदा तर कुठल्या देवाचा कुठला वार, हेच मला आठवेना आणि मी सरळ जेवले. आत्याबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

शेवटी गुरुजींनी पत्रिका बघून सांगितलं की सुनेचा शुक्र बिघडलाय. शुक्र कुठे गेला होता मला माहीत नाही, माझा नवरा मात्र सुरतेला गेला होता. पण हे बोलायची सोय नव्हती. शुक्राला खरा हिरा लागतो. तो आपल्याला कुठला? मग गुरुजी म्हणाले, ओपल चालेल. चांदीत बसवायचा, गुरुवारी संध्याकाळी कच्च्या दुधात ठेवायचा, शुक्रवारी सकाळी घालायचा. माणूस असेल तिथून ओढला जातो. खड्याने जमलं तर जमलं.

चांदी आत्याबाईंनी स्वतःच काढली. प्रल्हादच्या बारशाचे वाळे होते, त्यांच्या आईने घातलेले. ते त्यांनी वेर्णेकर सराफांकडे दिले, खडाही त्यांच्याकडूनच घेतला आणि वाळे समोर बसून वितळवून घेतले. अंगठी घेऊन आल्या त्या संध्याकाळी त्यांचा चेहरा असा होता, की मला पुण्याचा विषय पुन्हा काढवेना.

पुण्याचं म्हणजे असं होतं. आमच्याच दवाखान्यातली एक सिस्टर तिकडच्या मोठ्या दवाखान्यात लागली होती. तिने माझ्यासाठी शब्द टाकला होता. राहायला वसतिगृह, पुढे शिकायची सोय आणि दिवसपाळी. या दिवसपाळीने मला वेड लावलं होतं. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि मी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. हा विषय मागे एकदा निघाला तेव्हा आत्याबाईंनी एकाच वाक्यात मिटवला होता.

"तो आला आणि बायकू घरात न्हाई म्हटल्यावर? घरात तू दिसली पायजेस."

मी घरात दिसत होते. चार वर्षं दिसत होते. माणूस घड्याळ लावतो भिंतीवर, तशी.

तर त्या शुक्रवारी खडा मेला आणि, जे वाटलं तेच सांगते, मला बरं वाटलं. अगदी आतून. डोक्यावरची भरलेली घागर कुणीतरी मागून अलगद उतरवून घ्यावी तसं. आता हा उपाय पण संपला. आता घालायला अंगठी नाही, वाट बघायला मुहूर्त नाही. हे आपल्या तोंडावर दिसलं तर म्हातारीला काय वाटेल, म्हणून मी पटकन चुलीकडे वळले. आधण उतू गेलं होतं. ते पुसत मी बराच वेळ त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले.

"गुरुजींना विचारून येते," आत्याबाई मागून म्हणाल्या.

पण गुरुजी कुणाचं तरी लग्न लावायला गडहिंग्लजला गेले होते. त्यांच्या शुक्राचं बरं चाललं होतं. आत्याबाई तशाच परत आल्या, दिवसभर काही खाल्लं नाही, आणि अंगठी देव्हाऱ्यात ठेवायची की नाही यावर त्यांचं स्वतःशीच एकमत होईना. शेवटी पाटावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या अंगठी कनवटीला लावून वेर्णेकरांकडे गेल्या. जाताना तोंड असं होतं, की मला वेर्णेकरांची दया आली. "खोटा खडा दिला म्हाताऱ्यानं. वाळं घेतलं माझ्या लेकाचं आणि काच दिली. बघतेच त्याला." हे गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं, आणि आमच्या गल्लीत मागांच्या वर आवाज चढवणं सोपं नव्हे.

परतल्या तेव्हा दिवस कलला होता. पायरीवर बसल्या, पाणी मागितलं, सगळा तांब्या घटाघटा प्यायल्या. भांडून आलेल्या माणसाची काही खूण अंगावर नव्हती.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय म्हणायचंय त्यानं? मेला म्हणाला. आता काय हुत न्हाई त्याचं."

"बदलून देणार का?"

"नगं. आपल्याला लाभत न्हाई. पंचगंगेत सोडते."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. पदराने तोंड पुसलं. मग माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीशी बोलावं तसं म्हणाल्या, "तू जा पुण्याला."

मला वाटलं, मागांच्या आवाजात मी काहीतरी भलतंच ऐकलं.

"सोमवारी हजर व्हायचंय न्हवं? मग उद्याच निघ. कपडं काय भरायचं ते भर."

"आणि ते आले तर?" मी म्हणाले. गंमत बघा, हा प्रश्न एवढी वर्षं त्यांचा होता आणि त्या दिवशी तो माझ्या तोंडातून निघाला. सवय म्हणतात ती हीच.

"आला तर मी हाय की. जेवायला घालीन आणि तुझा पत्ता दीन. यायचं आसलं तर पुणं काय लांब न्हाई. सुरतेपरीस जवळच हाय."

"तुम्ही एकट्या?"

"एवढं माग चालत्यात भोवतीनं, एकटी कशानं?" आणि मग जरा चिडूनच, "आगं, खडा मेला. गुरुजी म्हणालं हुतं न्हवं, खड्यानं जमलं तर जमलं. आता मी कुणाच्या जिवावर तुला बसवून ठिऊ?"

रविवारी एसटी स्टँडवर त्या मला सोडायला आल्या. शेंगदाण्याची चटणी, भाकऱ्या, लोणच्याची बरणी, आणि एक घडी न मोडलेलं लुगडं, वसतिगृहात पांघरायला. गाडी सुटताना कुणी रडलं नाही. दोघी इतक्या थकलो होतो की रडणं म्हणजे आणखी एक काम वाटलं असतं.

तिकडे मला झोपच फार लागायची. मागांचा आवाज नाही, उपास नाही, दारात कुणाची चाहूल नाही. दिवसभर काम आणि संध्याकाळी मेसमध्ये पोरींचा कल्ला. आठवडा उलटून गेला असेल नसेल, एका सकाळी आम्ही नाश्त्याला बसलो होतो. मला आत्याबाईंचं लुगडं अंगावर घेऊन झोपताना बघून कुणीतरी काहीतरी बोललं होतं आणि सगळ्या हसत होत्या, मीसुद्धा. तेवढ्यात इचलकरंजीहून, आमच्या शेजारच्या मालनच्या मोबाइलवरून फोन आला.

"हेमा."

"हां आत्याबाई, बोला. काय झालं?"

"काय न्हाई."

पुढे काहीच नाही. नुसता मागांचा खडखडाट ऐकू येत होता. मला वाटलं फोन कट झाला.

"आत्याबाई?"

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच बसलेय नाश्त्याला."

"बरं. खा." आणि ठेवून दिला.

सकाळी आठ वाजता जेवलीस का! एवढं विचारायला त्या मालनच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या असतील, या विचाराने मला उगाच राग आला. आपल्याला मोकळं केलं, पण दोरी हातात ठेवली, असं वाटलं. दुसऱ्या मिनिटाला मी परत हसण्यात सामील झाले.

वर्षं गेली. प्रल्हाद आला नाही. त्याला तिकडे दोन मुलं आहेत, हे पुढे पक्कं कळलं. मी बघायला गेले नाही, आत्याबाईही गेल्या नाहीत. मी शिकले, सिस्टर झाले, पुढे इनचार्ज झाले, स्वतःची दोन खोल्यांची जागा केली. सणावाराला इचलकरंजीला जायचे, आत्याबाईंना म्हणायचे, चला माझ्याकडे. त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "मागाचा आवाज नसला की मला झोप येत न्हाई." मला आवाजाने येत नाही, त्यांना शांततेने. सासूसुनेचं हे एवढंच भांडण शिल्लक राहिलं होतं. कुणी विचारलं, तुला सासूने कसं सोडलं, तर मी सांगायचे, खडा मेला म्हणून सुटले. लोक हसायचे. मलाही ते खरंच वाटायचं.

मग एका दिवाळीत माझ्या कानातल्याची फिरकी हरवली. आत्याबाई म्हणाल्या, इथल्या दुसऱ्या कुठल्याही दुकानात जा, वेर्णेकराकडं नगं, तो आता म्हातारा झालाय, दिसत न्हाई त्याला. पण बाजारात त्यांचंच दुकान तेवढं उघडं मिळालं. म्हातारे वेर्णेकर गल्ल्यावर बसून होते. दिसत चांगलं होतं. मला बघताच म्हणाले, "इंदूबाईंची सून ना गं तू? पुण्याची?"

"हो."

"त्या ओपलला रंग पुरता आला का मग? का डाग राहिला दुधाचा?"

मी म्हटलं, "काका, तो मेला नव्हता का? तुम्हीच तर सांगितलंत."

"मी?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मी कशाला सांगू असं? अगं, त्या खड्याची जात पाणी पिणारी आहे. कोरं मडकं कसं पितं, तशी. पाणी आत शिरलं की रंग जातो, सुकला की जागेवर येतो. त्या इथं येऊन केवढं बोलल्या मला! मी म्हटलं, बाई, पाण्यात घालू नका असं बजावलं होतं की नाही? आता फडक्यावर ठेवा, सावलीत. आठ-दहा दिवस हात लावू नका. येतंय सगळं परत."

"मग?"

"मग भांडण तिथंच सोडलं. तिथं त्या बाकावर किती तरी वेळ बसून राहिल्या. जाताना म्हणाल्या, सून विचारायला आली तर तिला यातलं काही सांगू नका." ते जरा ओशाळले. "आता एवढ्या वर्षांनी काय, म्हणून बोलून गेलो."

फिरकी बसवून झाली का, किती वेळ लागला, मला आठवत नाही. मी घरी आले तेव्हा आत्याबाई उंबऱ्याशी बसून शेंगदाण्याची टरफलं पाखडत होत्या. दुपारचं ऊन त्यांच्या पायांपर्यंत आलं होतं.

"वेर्णेकरांकडे गेले होते," मी म्हटलं.

सूप थांबलं.

"सांगितलं व्हय? पोटात काय ऱ्हात न्हाई त्याच्या. म्हणून म्हटलं हुतं जाऊ नगं." त्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या, आत गेल्या, आणि ट्रंकेतल्या लुगड्याच्या घडीतून एक फडकं घेऊन आल्या. ते सोडून त्यांनी अंगठी माझ्या तळहातावर ठेवली.

मी ती उन्हात धरली. सगळं परत आलं होतं. हिरवं, केशरी, ती निळी ठिणगीसुद्धा. दुधाचा पांढरेपणा मात्र जुन्या तुपासारखा जरा पिवळट झाला होता.

"त्यानं पाण्यात घालू नका म्हणून सांगितलेलं," आत्याबाई म्हणाल्या. "दूध कुठं म्हणाला? दूध म्हंजे पाणी व्हय?"

"आपल्या गवळ्याचं होतंच की," मी म्हणाले, आणि दोघींनाही हसू आलं. हसता हसता मला रडायला यायला लागलं होतं, म्हणून मी विचारून टाकलं. "मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं, पण पाखडलं नाही.

"खडा मेला त्या दिशी तू माझ्याकडं पाठ केलीस. आठवतंय? चुलीकडं. तुला वाटलं म्हातारीला दिसणार न्हाई. आगं, पाठ काय मुकी आसती व्हय? खांदं असं खाली आलं तुझं. घरात आल्यापास्नं तुझं खांदं कधी खाली बघितलं नव्हतं मी." त्यांनी एक शेंगदाणा उचलला, टरफल चोळलं. "तरी भांडायला गेल्ते वेर्णेकराकडं. मला पायजेच हुता खडा. आणि तो म्हणतोय, येतंय परत. तवा तिथंच बसले. म्हटलं, हा पेटला तर मी हेमाला सोडत न्हाई. आणि चार वर्सं बसवणार, आणि चार. मला माझा सोभाव ठावं की. म्हणून म्हटलं, त्यो पेटायच्या आत हिला घालवायची."

बाहेर माग चालू होते. दिवाळी असून कुणीतरी पाळी लावली होती.

"आणि मग पेटला?"

"पेटला की. तू गेल्यावर आठ-दहा दिसांनी. सकाळी फडकं उचललं आणि बाई गं!" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मला वाटलं प्रल्हादच आला. आगदी खरं वाटलं. दारात जाऊन बघून आले मी. मग मालनकडं पळत गेले, तिला म्हटलं, हेमाला लाव फोन. ये म्हणणार हुते. ये, खडा जित्ता झालाय, ये."

माझ्या कानात मेसमधला तो कल्ला परत सुरू झाला.

"तू उचललास. मागं पोरी हसत हुत्या. तूबी हसत हुतीस, बोलायला लागलीस तरी हसणं ऱ्हायलंच हुतं आवाजात." त्यांनी सूप बाजूला सारलं. "मग काय म्हणायचं, मला सुचंना. म्हणून जेवलीस का ते विचारलं."

मी अंगठी त्यांच्या मुठीत परत ठेवली. त्यांचा हात हातातच राहिला. टरफलांनी खरखरीत झालेला, हलका. 

"जेवलात का?" मी विचारलं.

"कुठनं जेवणार?" आत्याबाई म्हणाल्या. "तुझी वाट बघत बसले हुते."